सीटी कशानं जळाला

“खरं सांग, अडचण हाय का तुला?”

दादांनी हे अकरा पुरुषांसमोर विचारलं. खंडेनवमीची सकाळ होती. राजुरीजवळच्या आमच्या दूध शीतकरण केंद्रावर यंत्रांची पूजा नुकतीच आटोपली होती. दादांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, दूध थंड करणारा कॉम्प्रेसर स्वतः सुरू केला आणि थोड्याच वेळात पॅनलमधून जळका वास आला. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. दादांनी आधी पॅनलकडे बघायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. केंद्रावर मी एकटी बाई. वायरमन.

टेम्पोवाले, कॅन उतरवणारे, सगळे माझ्याकडे वळले. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी गप्प. पाळी आली होती, दुसरा दिवस होता. सकाळपासून मी ते लपवत होते, चोरी केल्यासारखं. त्या गप्प राहण्याची मला अजून चीड येते.

“मेंढरामागं हिंडणाऱ्यांची पोर. हिला काय इटाळ कळणार? दया करून ठिवली आमी,” दादा म्हणाले.

दया! माझा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, हे खरं. पण आयटीआयची दोन वर्षं मी काढलीत. पोरांच्या वर्गात एकटीनं. परीक्षा पास झाले म्हणून इथं लागले. दया कसली डोंबलाची?

मी पॅनल उघडला. मोटरच्या जाड वायरभोवती बांगडीएवढा सीटी असतो, करंट ट्रान्सफॉर्मर. मोटर किती करंट खाते ते त्याच्यामुळे मीटरवर दिसतं. तो काळा पडून तडकला होता. त्याच्या दोन बारीक वायरी मोकळ्या लोंबत होत्या आणि मीटरच्या जागी नुसतं भोक.

मीटर पाटावर होता. पक्कड, पाना, हातोडी यांच्या रांगेत, हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल. नवा कोरा म्हणून दादांनीच तो पूजेला काढला होता. मला तेव्हा बाहेर उभं केलं होतं, पूजेत बाईची लुडबुड नको म्हणून.

मीटर काढायचा तर आधी सीटीची दोन टोकं एकमेकांना जोडायची. ती मोकळी ठेवून मोटर चालवली की टोकांवर भयंकर व्होल्टेज चढतं, आतलं इन्सुलेशन जळतं, हात लागला तर माणूसही जातो. सीटी बिघडायची कारणं आम्ही घोकली होती. मोकळी टोकं. ढिला स्क्रू. ओल. झेपणार नाही इतका करंट. बाईची पाळी त्यात कुठंच नव्हती.

“गोमूत्र आणा,” दादा म्हणाले. “शिंपडा पॅनलवर. हिच्यावरबी.”

एक टेम्पोवाला खरंच तांब्या घेऊन आला. त्यानं बोटं बुडवली आणि माझं डोकं फिरलं. मी पॅनलला पाठ लावून उभी राहिले.

“हाय मला पाळी. दुसरा दिवस हाय. मीटर तुमी काढला, दादा. वायरी तुमी मोकळ्या सोडल्या. त्यानं जळाला सीटी. आता आत ओल गेली तर ऱ्हायलेलंबी जळंल. तांब्या खाली ठेव रं!”

टेम्पोवाल्यानं तांब्या ठेवला.

टाकीतलं दूध कोमट व्हायला लागलं होतं. दादा नारायणगावच्या वायरमनला फोन लावायला बाहेर गेले. तोवर मी कपाटातला जादा सीटी बसवला, स्क्रू आवळले, मीटरवरची हळद फडक्यानं पुसून तो जोडला. कॉम्प्रेसर चालू झाला.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाले, “आजपास्नं कॅन धुयाचे. पॅनलला हात लावायचा न्हाई.”

“न्हाई धुणार. वायरमन म्हणून घेतलंय मला. काढायचं तर कागदावर काढा. अन् सीटी कशानं जळाला तेबी त्याच कागदावर लिवा.”

तो कागद अजून आलेला नाही. नोंदवहीत मात्र मी लिहिलंय: मीटर काढताना टोकं न जोडल्यानं सीटी जळाला. खाली माझी सही. ते पान फाड म्हणून दोनदा निरोप आला. फाडणार नाही. महिन्यातले सगळे दिवस मी पॅनल उघडते आणि उघडत राहणार. कुणी चारचौघांत विचारलं तर चारचौघांतच सांगेन, हो, आहे पाळी. मला हाकलायचं असेल तर आधी माझ्या कामातली चूक दाखवावी लागेल. माझ्या अंगाकडं बोट दाखवलेलं मी चालू देणार नाही.