तीन वाट्या

जॅमच्या कारखान्यात सगळे तिला चवमावशी म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. ती कामाला लागली तेव्हा जॅम उघड्या कढयांत शिजायचा आणि तो झाला की नाही हे मावशी ठरवायची. उलथनं वर धरायची. टपटप थेंब पडले तर अजून वेळ आहे, दोन थेंब एकमेकांना बिलगून लोंबले की म्हणायची, "उतरवा!" त्या एका शब्दावर आच बंद व्हायची. एकदा नुसतं बोट चाटून तिने सांगितलं होतं, की फळं गोदामात एक दिवस जास्त पडून होती. गोदामवाल्याने मुकाट्याने मान खाली घातली होती.

पुढे मालक बदलले. नव्या कंपनीने कढया काढून बंद टाक्या बसवल्या. मावशीला वाटलं, आपला शेर संपला. पण तिला काढलं तर नाहीच, वर बढती दिली. पांढरा कोट, केसांवर जाळी आणि लॅबला लागून असलेल्या छोट्या खोलीत खुर्ची. तिथे दिवा लाल, रंग पाहून कुणी ओळखू नये म्हणून. समोर तीन वाट्या यायच्या. दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचं, की झालं.

"एवढ्यासाठी खुर्ची?" नवऱ्याने विचारलं. तो जन्मभर ट्रक चालवून, कंबर धरून घरी बसला होता. "तू भाजीत मीठ विसरलीस तरी मला कळत नाही."

"कळतं. बोलायची छाती होत नाही," मावशी म्हणाली, आणि दोघं हसले.

हे सगळं कशासाठी, ते तिला सहा महिन्यांनी उमगलं. वेगळ्या वाटीत स्ट्रॉबेरी थोडी कमी असायची. त्या जागी भोपळ्याचा गर, वरून रंग आणि वास. चाखणारे आणखी पाच जण होते, पण लॅबवाली मॅडम थांबायची ती मावशीच्या तोंडाकडे बघत. मावशीलाच फरक लागला नाही, तर गिऱ्हाइकाला काय डोंबल लागणार!

आणि मावशीला फरक लागायचाच.

"ही मधली. गिळल्यावर मागून एक आंबटपणा येतो ना, तो आलाच नाही."

मॅडम लिहून घ्यायची. आठ दिवसांनी तीच वाटी परत यायची, मागून येणाऱ्या आंबटपणासकट. मग मावशी म्हणायची, बिया दाताखाली येत नाहीत. पुढच्या खेपेला बियाही यायच्या, कुठून कोण जाणे. असं करत करत एक दिवस मावशीला काहीच सापडायचं नाही. ती प्रामाणिकपणे सांगायची, "सगळ्या सारख्याच लागतात." त्याच आठवड्यात टाकीतल्या स्ट्रॉबेरीचं प्रमाण उतरायचं. चार वर्षांत चारदा उतरलं. काय कमी आहे ते मावशीने सांगायचं आणि त्यांनी ते झाकायचं. आपण आपल्याच जिभेने त्यांना वाट दाखवतोय, हे तिला रात्रंदिवस टोचायचं.

"मग सांगू नकोस," नवरा म्हणाला.

"सांगितलं नाही तर लगेच उतरवतात. सांगितलं तर झाकून उतरवतात. बोला आता."



पाचव्या वेळी तिने मनाशी पक्कं ठरवलं. काही लागो न लागो, वेगळी म्हणायचं आणि कारण सांगायचं नाही. वाट्या आल्या. तिने पहिली चाखली, पाणी प्यायली, दुसरी चाखली, मग तिसरी. तिन्ही अगदी सारख्या. तिने पुन्हा चाखून पाहिलं. जीभ स्वच्छ सांगत होती, काही फरक नाही. मावशीने शेवटच्या वाटीवर बोट ठेवलं.

"ही. ही वेगळी आहे. चांगली नाही."

"नक्की?"

"नक्की. लोक तोंडात धरणार नाहीत."

मॅडमने पेन खाली ठेवलं.

"मावशी, तिन्ही वाट्या एकाच बरणीतल्या होत्या. मधूनमधून सगळ्यांचीच अशी परीक्षा घ्यावी लागते."

मावशीचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत तिची जीभ एकदाही चुकली नव्हती. आजही चुकली नव्हती. पण हे आता सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने?

साहेबांनी आरडाओरडा केला नाही. "वय होतं माणसाचं," एवढंच म्हणाले आणि तिला झाकणांच्या पट्ट्यावर पाठवलं. तिथे बरण्या समोरून सरकत जात. झाकण मधोमध दाबून बघायचं. टक् वाजलं तर आत हवा शिरलेली, ती बरणी बाजूला काढायची. चवमावशीची जीभ गेली, ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारखानाभर झाली. गोदामवाला येऊन हळहळला. तिने त्यालाही खरं सांगितलं नाही.

महिन्याभराने मॅडम पट्ट्यापाशी आली. मावशीने मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी खरं बोलले असते, सारख्या आहेत म्हणाले असते, तर?"

"तर तुम्ही आज खुर्चीवर असता."

"आणि खऱ्या वाट्या आल्यावर वेगळी आहे म्हटलं असतं तर? थांबलं असतं का?"

मॅडमने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाही हो मावशी. भोपळ्याच्या गराची वर्षभराची मागणी आधीच नोंदवली होती. पिंपं आली होती. चाखणं फक्त कागदाला लागत होतं."

"आधीपासूनच असं होतं? चारही वेळा?"

मॅडम पाठ फिरवून लॅबकडे निघून गेली. तोवर चार-पाच बरण्या न दाबताच पुढे गेल्या होत्या. पट्ट्याच्या टोकाची बाई ओरडली, "अगं मावशी, लक्ष कुठंय?"

"आहे, आहे," मावशी म्हणाली आणि पुढच्या झाकणावर अंगठा ठेवला.