समुद्रात बोट दाखवू नये

पोहायला मी विहिरीत शिकलो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात होता. मामाने माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला, मला आत ढकललं आणि स्वतः काठावर विडी ओढत बसला. चौथ्या दिवशी भोपळा सुटला आणि आठव्या दिवशी मी मुटके मारायला लागलो. ही विद्या पुढे कतारमध्ये माझ्या अंगाशी येणार आहे असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला खुळ्यात काढलं असतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मेसईदच्या वर्कशॉपमध्ये मी डिझेल मेकॅनिक होतो, तिथून मला उत्तरेला खोरच्या धक्क्यावर एका लाँचवर पाठवलं. आठवड्याचे सहा दिवस ती लाँच सामान वाहायची आणि शुक्रवारी साहेबलोकांना मासे दाखवायला न्यायची. मासे म्हणजे ताटातले नव्हेत. खोल पाण्यात उन्हाळ्यात कुपा मासा अंडी सोडतो आणि ती अंडी खायला एसटीच्या गाडीएवढा एक मासा वर येतो. साहेब त्याला व्हेल शार्क म्हणायचे. त्याच्याबरोबर पाण्यात पोहायची त्यांना हौस होती. मेसईदचे माझे सोबती शुक्रवारी बस पकडून दोह्याला जायचे, मुशैरिबच्या गल्ल्यांत गाववाल्यांना भेटायचे, पत्रं टाकायचे. आणि मी इंजिनाच्या धुरात. मनात म्हणायचो, आपला शुक्रवार माशाने खाल्ला.

लाँचचा तांडेल रत्नागिरीकडचा एक कोकणी मुसलमान होता. साठीकडे झुकलेला, सुपारीसारखा वाळलेला. सगळे त्याला नाखवा म्हणत, मीही तेच म्हणायचो. पोरवयापासून तो शिडाच्या गलबतांवर होता. माझं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून जमलं, कारण आम्ही दोघंही तापट आणि दोघांनाही रागावल्यावर पाच मिनिटांत चहाची आठवण यायची. मासा शोधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खोल पाण्यात गेलं की तो इंजिन बंद करायला लावायचा, नाक वर करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "तूप कढवल्याचा वास येतोय, तिकडं चल." आणि तिकडं खरंच तो मासा असायचा. नाखवा त्याला कोकणातल्या नावाने बहिरी म्हणायचा आणि तिचं नाव घेताना आवाज जरा खाली आणायचा.

त्याच्या लाँचवर एक रीत होती. बहिरीकडे बोट दाखवायचं नाही. ती कुठे आहे, किती लांब आहे, तोंड कुठे करून आहे, सगळं तोंडाने मोठ्याने सांगायचं. बोट दाखवलं की ती बुडी मारते, असं त्याचं म्हणणं. मला हे एका फटक्यात पटलं. आमच्याकडेही वेलीवरच्या कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवत नाहीत, दाखवलं तर तो कुजतो म्हणतात. भोपळ्याचं जर असं, तर एवढ्या मोठ्या जिवाचं का नसावं? मी पुढच्या टोकाला उभा राहून ओरडायचो, "उजव्या हाताला, चार कासरे, आपल्याकडंच येतीया." मागे सुकाणूवर नाखवा तेवढ्यावरून लाँच अशी अलगद नेऊन लावायचा की साहेब टाळ्या वाजवायचे. साहेबांनाही मी ती रीत शिकवली. त्यांना ती फार आवडली. प्रत्येक नवा पाहुणा वहीत लिहून घ्यायचा.

त्या उन्हाळ्यात नाखवाचा करार संपत आला होता. नवा करार हवा तर डॉक्टरी तपासणी करावी लागणार होती आणि तो तारीख पुढे ढकलत होता. आज मान धरलीय, उद्या पोट बिघडलंय, रोज नवं काहीतरी. त्याला अजून दोन वर्षं हवी होती. धाकटी मुलगी रत्नागिरीत डी.एड. करत होती. ती शिक्षिका झाली की खलास, मी घरी, असं तो म्हणायचा. तिच्या आधीच्या तिघी न शिकताच सासरी गेल्या होत्या, ते त्याला आत कुठेतरी सलत होतं. मी त्याला सुईला भितो म्हणून चिडवायचो. तो हसायचा आणि विषय बदलायचा.

पाण्यात पाहुण्यांबरोबर उतरायला एक गोरा पाणबुड्या असायचा. एका शुक्रवारी त्याचा कान सुजला. पाहुणे मात्र धक्क्यावर हजर, एक इंजिनिअर आणि त्याची बायको. ती पुढच्या आठवड्यात मायदेशी परत जाणार होती, आज नाही तर कधीच नाही. कुणीतरी विचारलं, पोहता कुणाला येतं? नाखवाला येत नव्हतं. आयुष्य पाण्यावर काढलेल्या माणसाला पोहता येत नाही याची मी दोन वर्षं टिंगल केली होती. तो म्हणायचा, लाँच सोडून पाण्यात जायचं कशाला? आता सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या विहिरीच्या बढाया माझ्या गळ्यात पडल्या. नाखवा एकदम म्हणाला, "याला नको. इंजिनाला मानूस कोन?" मला वाटलं, मला कमी लेखतोय. मी चिडून कपडे काढायला लागलो.

पुढे गेल्यावर वास आला, बहिरी दिसली, मी तोंडाने सांगितलं, लाँच तिच्याजवळ गेली. इंजिन बंद करून आम्ही तिघे पाण्यात उतरलो, लाँचवर नाखवा एकटाच राहिला. त्या दोघांच्या पायात रबरी पंजे, माझ्या पायात काही नाही. तोंडाला काच आणि नळी लावून मी खाली पाहिलं आणि मला भीती वाटली, ती सरळ सांगतो. खाली तळ नव्हता. विहिरीत कुठेही पोहा, चार हातांवर कड येते. इथे निळं, त्याखाली निळं आणि त्यातून ती वर आली. काळ्या घोंगडीवर पांढरे ठिपके ओळीने मांडावेत तशी तिची पाठ. जबडा उघडा, आमच्याकडे लक्षसुद्धा नाही. ती माझ्या पोटाखालून गेली तेव्हा भीती कुठे गेली कळलं नाही. मला रडू आलं. नळी तोंडात धरून रडता येत नाही, नाकातोंडात पाणी जातं, हेही तेव्हाच कळलं.

आम्ही तिच्यामागे गेलो. किती वेळ, ते देव जाणे. मान वर काढली तर लाँच शेतातल्या झोपडीएवढी दिसत होती. पाण्याच्या ओढीने आम्हाला नेलं होतं. मी हात हलवला. नाखवा कठड्याला धरून उभा होता, तोंड आमच्याकडेच. मी दोन्ही हात हलवले, इंजिनिअरनेही हलवले. नाखवाने पाहिलं, आणि तोंड फिरवून दुसऱ्या बाजूला पाहिलं. मग तिसऱ्या. मग इंजिन सुरू झालं आणि लाँच आमच्याकडे पाठ करून निघाली.

तेव्हा मला कळलं. सुईची भीती, टाळलेली तारीख, तोंडाने सांगायची रीत, "याला नको" म्हणणं, सगळं एका क्षणात कळलं. तो मला कमी लेखत नव्हता. लाँचचे डोळे पाण्यात उतरायला निघाले होते आणि तो ते थांबवू पाहत होता.

बाईचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिला सांगितलं, नो प्रॉब्लेम, मॅडम. माझे स्वतःचे पाय जड झाले होते. ओरडून उपयोग नव्हता, इंजिनापुढे कोण ऐकणार? मी घरचे सगळे देव आठवले. आणि मग इंजिन थांबलं. शिडाच्या गलबतांवर वाढलेला माणूस तो, डोळे संपले तसे त्याने कान लावले होते. मी पाण्यातून छातीपर्यंत वर आलो, हातांची ओंजळ तोंडाला लावली आणि शेताच्या बांधावरून पलीकडच्या वस्तीला देतात तशी हाळी दिली, लांब, शेवटी चढत जाणारी. माझ्या बापाची हाळी ओढ्यापलीकडे ऐकू जायची. दुसरी दिली. लाँच वळली. इंजिन पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं, मी पुन्हा हाळी दिली. असं चार वेळा. चौथ्या वेळी ती आमच्यापासून दोन वावांवर उभी होती.

वर चढलो तेव्हा नाखवाने आम्हा तिघांच्या खांद्यांना एकेक करून हात लावला. साहेबाला वाटलं, म्हातारा माया करतोय. तो मोजत होता. लाँच उलटी का गेली, असं साहेबाने विचारलं. मी पाण्याच्या ओढीवर काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

संध्याकाळी धक्क्यावर चहाचे पेले हातात घेऊन आम्ही बसलो. मी विचारलं, "नाखवा, तुमाला किती दिसतंया?"

"उजेड दिसतो. लाँच दिसते. मानूस दिसत नाय."

"आन् ती रीत?"

"रीत कसली, बाबा. तू लगेच ऐकलंस, म्हटलं चालू दे."

मला हसू आलं आणि त्याच वेळी त्याचा गळा धरावासा वाटला. दोन वर्षं मी भोपळ्याच्या भरवशावर त्याचे डोळे झालो होतो. मग मी बेत सांगायला लागलो. मी पुन्हा कधी पाण्यात उतरणार नाही. दवाखान्यातल्या तक्त्यावरची अक्षरं त्याच्याकडून पाठ करून घेईन, तिथला कंपाउंडर ओळखीचा आहे. दोनच वर्षांचा प्रश्न आहे, इन्शाल्ला निघून जातील. तो सगळं ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आज तू होतास, हाळी दिलीस. उद्या नुसता गोरा पान्यात असंल. मी त्याला टाकून घरी येईन आनि मना कळनार पन नाय."

"आन् पोरीची शाळा?"

त्याने पेला धक्क्यावर पालथा घातला आणि उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच ऑफिसात गेला आणि सांगून आला. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याने योग्य केलं हे मला समजत होतं, म्हणूनच जास्त राग येत होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच चहा आणून पुढे ठेवला आणि विचारलं, ती खालून कशी दिसते? जन्मभर तिच्या मागे फिरला होता, पण त्याने तिची पाठच काय ती पाहिली होती. मी हातवारे करायला लागलो, थांबलो आणि तोंडाने सांगितलं. घोंगडी, ठिपके, उघडा जबडा, पोटाखालून जाणं. त्याने मला दोनदा सांगायला लावलं.

तो गेला त्या दिवशी मी विमानतळावर होतो. गर्दी बेसुमार, प्रत्येकाच्या डोक्यावर दोरीने बांधलेली बोचकी. आतल्या दारापाशी तो थांबला, मागे वळला आणि हात हलवला. भलतीकडेच. एका अनोळखी कुटुंबाने गोंधळून त्याला हात केला. मी हात वर नेला आणि खाली घेतला. मग त्या फरशीच्या हॉलमध्ये, पोलिसांसमोर, दोन्ही हात तोंडाला लावून मी पूर्ण ताकदीची हाळी दिली.

एक पोलीस माझ्याकडे यायला लागला. नाखवाने मान वळवली, थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवलं.