केर न काढलेलं लक्ष्मीपूजन

आमच्या समोरच्या घरची सून योगिनी दिवसभर गाळ चाळत बसते, असं मी चिखली गावभर सांगत सुटले होते. खोटं काय त्यात? कोकणातल्या खाडीचा गाळ आणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मायक्रोस्कोपखाली त्यातून खसखशीहून बारीक शंख वेचायचे. एकाच पेशीच्या समुद्री जिवांची ती कवचं. त्यातला एक प्रकार आजवर कुणी नोंदवलेलाच नव्हता, आणि पीएचडीसाठी ती त्याचं वर्णन लिहीत होती. त्याची खरी ओळख तोंडाशी असलेल्या तीन दातांत होती. तोंड शाबूत असलेला शंख मात्र एकच मिळाला होता.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तिच्या सासूबाई, सरूबाई, केर काढायला तिच्या खोलीत गेल्या आणि उकडतंय म्हणून त्यांनी पंखा लावला. शंख उडाला.

मी चकल्या घेऊन गेले तर योगिनी खोलीच्या दारात आडवी उभी. "काकू, आत पाऊल टाकायचं नाही. आज या घरात कुणी केर काढायचा नाही."

"आगं, आज लक्ष्मी यायची," सरूबाई रडकुंडीला आल्या होत्या. "केरात येती व्हय ती?"

"नसेल यायचं तर राहू दे."

तेवढ्यात शंख हरवल्याचं कळून तिच्या सरांचा फोन आला, तो तिने स्पीकरवर घेतला. दुसरा, तुटका शंख वापर, तोंड अंदाजाने काढ, एवढं कोण बघतंय, असं ते समजावत होते.

"मी बघतेय ना, सर," म्हणून तिने फोन ठेवला. मला ती तेव्हा आगाऊच वाटली.

दुपारपर्यंत तिने ओल्या कुंचल्याने फरशीवरची धूळ टिपून तपासली. काही नाही. मग ती परात घेऊन सासूपुढे बसली. "आई, पाय द्या. तुम्ही खोलीत अनवाणी वावरला होतात."

सरूबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले. उभा जन्म मावळातल्या भातखाचरांत गेलेले ते पाय. "नगं गं. टाचा लई भेगाळल्यात. मला लाज वाटती."

"मला नाही वाटत," योगिनी म्हणाली आणि पाय मांडीवर घेतला.

एकेक भेग तिने कुंचल्याने धुतली आणि ते पाणी काचेवर थेंब थेंब घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहत राहिली. मी चकल्यांचं ताट धरून तिथेच. मेली हट्टी, मी मनात म्हटलं, पण घरी जायला पाय निघेना. एकदम ती ओरडली, "तिन्ही दात आहेत!" सरूबाईंना त्यातलं काय कळलं देव जाणे, त्या ढसाढसा रडल्या.

संध्याकाळी पूजेला गेले. शंख सापडेपर्यंत दिवेलागण झाली होती आणि दिवे लागल्यावर केर काढत नाहीत, म्हणून फरशी सकाळसारखीच. चौरंगावर नवी केरसुणी आणि तिच्या शेजारी एक काचपट्टी. मी वाकून पाहिलं. "यात तर काहीच दिसत नाही."

सरूबाईंनी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला.

"तुला दिसत न्हाई म्हून नसतं व्हय? वाहा हळदकुंकू. अन् जरा लांबनंच."