शालिनीवैनींची तिकडी

"वैनी, कान कोरायला एवढं मोठं हत्यार?"

शालिनीवैनींशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. अकोल्यातच घर बदलून त्यांच्या शेजारी राहायला आले होते. सामान अजून पोत्यांत होतं, विळी कुठल्या पोत्यात गेली ते सापडेना, म्हणून मागायला गेले. दिवेलागणीची वेळ. व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर एक उंच, सावळी बाई बसलेली, मांडीवर जुनं वर्तमानपत्र आणि हातात स्टीलची एक वस्तू. नेलकटरपेक्षा जराशी मोठी, खिशात मावेल अशी. तिला तीन पाती. एक चमच्यासारखं कोरणं, एक लांब सुई आणि एक चपट्या बुडाचा दट्ट्या. माझा विनोद बाईंपर्यंत पोचलाच नाही.

"कान नाई वो. साहेबाचा तंबाखूचा पाइप साफ करून राहिली," त्या म्हणाल्या. "त्याईची तिकडी हाय हे. तुले काय पायजे?"

मी विळी मागितली, त्यांनी दिली. जाताजाता सहज विचारलं, साहेब कामावरून आले नाहीत वाटतं अजून? "येतीन," एवढंच म्हणाल्या आणि पाइपच्या दांडीत सुई घालून ती हळूहळू फिरवायला लागल्या. मी घरी येऊन कांदा चिरला. साहेब येतील तेव्हा ओळख करून घेऊ असं ठरवलं.

साहेब काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. मी शाळेत भूगोल शिकवणारी बाई, खोदून विचारायची सवय हाडात मुरलेली. शेवटी विचारलंच. वैनींनी लपवलं काही नाही. सुधाकरराव अमरावतीजवळ नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. आठवडाभर तिकडे, रविवारी घरी. यंत्रं बसवायला आलेल्या कोण्या परदेशी इंजिनिअरनं जाताना त्यांना दोन पाइप आणि ही तिकडी भेट दिली आणि त्यांना तो नाद लागला. गल्लीतले लोक त्याला साहेबाची चिलीम म्हणायचे. एका सोमवारी सकाळी ते नेहमीसारखे बडनेऱ्याच्या गाडीत बसले. एक पाइप खिशात, एक घरी. तिकडी मात्र झोपाळ्यावर राहिली.

मूर्तिजापूरहून त्यांचा फोन आला. "शालू, तिकडी राहिली घरी. आठवडाभर पाइप चोंदून जाईन. उतरलो मी, उलट्या गाडीनं येऊन राहिलो."

उलटी गाडी आली, तिच्यातून सुधाकरराव उतरले नाहीत. पोलीस झाले, दवाखाने झाले, रुळाच्या कडेची झुडपं झाली. फलाटावरच्या एका भजीवाल्यानं सांगितलं की शकुंतला नावाच्या छोट्या गाडीच्या ओस फलाटाकडे एक माणूस तोंडात पाइप धरून चालत जाताना दिसला होता. त्यापुढे त्यांना कोणी पाहिलं नाही. ना अंगावरचा कपडा सापडला, ना चप्पल. मी हे ऐकलं तेव्हा या गोष्टीला तीन-चार वर्षं होऊन गेली होती, आणि तरी वैनी अशा सांगत होत्या की गाडीला जरा उशीर झालाय, बस.

कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि आवाज असा की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतले लोक दार उघडत. बोलणं फटकळ. "चोंदलं की संपलं" हा त्यांचा मंत्र. पाइपवरून उचललेला, पण लावायच्या सगळीकडे. मोरीत भात टाकला की म्हणायच्या, "चोंदलं की संपलं." मी मुख्याध्यापकांवर रुसून जेवले नाही तेव्हा ताट वाढून घरी आल्या आणि म्हणाल्या, "शिव्या देऊन टाक मनातल्या मनात. पोटात कायले ठेवून राहिली? चोंदलं की संपलं, माय." मी शिव्या दिल्या, मोठ्यानं दिल्या, आणि पोटभर जेवले.

एकदा माझ्या गॅसचा बर्नर बंद पडला. भोकात घालायला काहीतरी बारीक टोक हवं होतं, तर मी मोठ्या हक्कानं तिकडी मागितली. वैनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांचा दागिनाच मागितला. "गॅसच काय, घर पेटलं तरी त्याईची वस्तू देणार नाई," म्हणाल्या. मग स्वतः स्टोची पिन शोधून आणली आणि माझा बर्नर साफ करून दिला. वर चहा पण माझ्याच गॅसवर करून प्यायल्या.

आता जे सांगते त्यावर हसायचं असेल तर हसा. मी हसले नव्हते.

रोज दिवेलागणीला वैनी तो घरी राहिलेला पाइप झोपाळ्यावर ठेवायच्या, आत जाऊन देवापाशी दिवा लावायच्या आणि बाहेर येऊन साफ करायला घ्यायच्या. पाइप कोणी ओढत नाही, घरात तंबाखूचा कण नाही. तरी कोरणं आतून फिरवलं की वर्तमानपत्रावर काळी भुकटी पडायची. रोज. "हे पाय," त्या मला दाखवायच्या, "राख. मी देवापाशी असते ना, तेवढ्यात ते ओढून जातेत."

विज्ञानाची पदवी आहे माझी, पण खरं सांगते, मला भीती वाटायची. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो झोपाळा दिसे. वैनी आत गेल्या की मी तिकडे पाठ करून पोळ्या लाटायची. झोपाळ्याची कडी करकरली तर वारा असेल म्हणायची आणि लाटणं जोरात फिरवायची. एकदोनदा तर मला तंबाखूचा वासही आला. ज्या माणसाला मी जन्मात पाहिलं नाही, त्याची मला चाहूल लागायची. सासरच्यांना ही भानगड कळली तर मला गावच्या मांत्रिकाकडे नेतील म्हणून मी कोणाला बोलले नाही.

वैनींचा मुलगा निखिल अमरावतीला नोकरी करायचा. शांत पोरगा. आला की आईचं सगळं ऐकायचा, पण ती राख दाखवायला लागली की उठून जायचा. मला इथं येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील, एका पितृपक्षात तो आला होता. आमच्याकडे सासऱ्यांचं पान होतं, म्हणून मी वड्यांचं ताट घेऊन गेले, तर मायलेकांचं जुंपलेलं.

"सारे लोक आपापल्या बापाले घास टाकतेत, आई. मी काय करू? बारा वर्षं होऊन गेले. मोठे काका म्हणतात विधी करून घेऊ. मले एकदा बाबासाठी रडू तरी दे."

"जित्या माणसासाठी कोणी रडते काय?" वैनी म्हणाल्या. "रोज राख निघते. तुले दिसत नाई त मी काय करू?"

निखिल माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही सांगा. तुम्ही तर रोज पाहता." त्याचे डोळे कोरडे होते, आणि तेच मला बघवेना. बाप गेल्याचं दुःखसुद्धा त्या पोराच्या वाट्याला येऊ दिलं नव्हतं. मी वड्यांचं ताट खाली ठेवलं आणि झोपाळ्यावरच्या वर्तमानपत्रातली कालची भुकटी चिमटीत घेतली. खूप दिवसांनी नीट उजेडात बघत होते. ती काळी नव्हतीच आता. तांबूस होती, खरखरीत. राख बोटाला फासली जाते, ही फासली जाईना. नाकाशी नेली तर सुताराच्या कामाचा वास.

"वैनी," मी म्हणाले, "ही राख नाही हो. हा लाकडाचा भुसा आहे. आधी आतला जुना कोळसा निघत होता. तो संपला. आता तुम्ही पाइपच कोरताय."

वैनींनी वर्तमानपत्र गुंडाळलं. माझं ताट माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. निखिल रात्रीच्या गाडीनं अमरावतीला निघून गेला.

त्यानंतर वैनी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मी हाक मारली की नळ सोडायच्या. मीही हट्टी, चार दिवस मारली, मग सोडून दिली. संध्याकाळी मात्र खरवडल्याचा आवाज यायचाच, आधीपेक्षा जास्त वेळ. मला वाटायचं, जावं आणि ती तिकडी हिसकावून घ्यावी. पण हिसकावून काय करणार होते मी? त्या घरात नवऱ्याच्या नावानं चालणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

मग एका सकाळी वैनी स्वतःहून आल्या. केस विंचरलेले नाहीत, पदर कसातरी. पाइप त्यांनी माझ्या खिडकीच्या उजेडात धरला. तळाला भोक पडलं होतं, त्यातून तिकडीची सुई आरपार आली होती.

"कुसुम, पाय वो," म्हणाल्या. "आता ते कशात ओढतीन?"

मी त्यांना जवळ घेतलं. एवढी मोठी बाई, माझ्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "साफ ठेवून राहिलती मी. आल्यावर चोंदलेला नको म्हणून साफ ठेवून राहिलती." इतकी वर्षं ज्याची भीती वाटली तो माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर गेलेला वाटला, आणि मीही रडले. परक्या माणसासाठी, पण रडले.

दोन दिवसांनी वैनी म्हणाल्या, गुरुजीले बोलाव. निखिल अमरावतीहून आला, गुरुजीही आले. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, नारळाचं डोकं लावतात, आणि त्यालाच अग्नी देतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. वैनींनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"अन् पुतळा जाळल्यावर ते आले त?"

निखिलनं कपाळाला हात लावला. गुरुजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "शास्त्रात त्याचीही सोय आहे, वहिनी. असा माणूस परत आला तर तो मेलेलाच धरतात. त्याला तुपानं न्हाऊ घालायचं, नव्यानं जन्माला घालायचं. बारसं करायचं, नाव ठेवायचं. आणि मग तुमच्याशी पुन्हा लग्न लावायचं."

वैनींनी पदरानं तोंड पुसलं आणि निखिलला म्हणाल्या, "ठीक हाय. कर तुह्या बापाचं."

पूर्णेच्या काठावर विधी झाला. बायांनी येऊ नये म्हणून मोठ्या काकांनी जरा कुरकुर केली. "माहा नवरा हाय," वैनी म्हणाल्या, आणि विषय संपला. हिरव्या पळसाच्या पानांचा तो पुतळा माणसाएवढा होता, वर नारळ. मला वाटलं होतं हसू येईल. पण पांढरं धोतर घातल्यावर तो कोणीतरी वाटायला लागला. वैनी पुढे झाल्या. भोक पडलेला पाइप त्यांनी पुतळ्याच्या उशाशी ठेवला. मग कमरेची तिकडी काढली, तिन्ही पाती मिटली आणि पानांच्या हाताखाली सरकवली.

"घ्या," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "न्यालेच येऊन राहिलते ना? घ्या अन् जा आता सुखानं."

निखिलच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. शांत पोरगा, वाळूत बसून लहान लेकरासारखा रडला. "बाबा, बाबा" म्हणत रडला. वैनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, "रड रे, मोकळा हो." त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी घरी येऊन कोणी सांगायच्या आधीच कुंकू पुसलं.

गेल्या वर्षी त्यांना दम लागायला लागला आणि निखिल त्यांना अमरावतीला घेऊन गेला. जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली. गाडीत बसल्या, पुन्हा उतरल्या, फाटकाशी मला एका बाजूला घेतलं. मला वाटलं झाडांना पाणी घालायला सांगतील.

"कुसुम, ते आले त एकदम घरात घेऊ नको," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना हळू बोलताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. "पह्यले मले फोन कर. जुन्या नावानं हाक मारू नको त्याईले. ते नाव जळलं. मी येऊन नवं ठेवीन."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? दिवाळीनंतर निखिलचा फोन आला की आई झोपेतच गेली. माझी सख्खी मोठी बहीण गेल्यासारखं झालं.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे. निखिलनं मागितली नाही, मीही दिली नाही. वैनींच्या बंद फाटकाशी कधीकधी कोणी म्हातारा थांबतो. पत्ता चुकलेला असतो, नाहीतर दम खायला टेकलेला असतो. सुधाकररावांना मी फोटोतच पाहिलंय, आणि फोटोतला माणूस आता कसा दिसत असेल कोणास ठाऊक. मी बाहेर जाते, त्याला पाणी देते, बसा म्हणते. कुठून आलात, विचारते. फक्त नाव विचारत नाही. त्यानं ते जळलेलं नाव सांगितलंच, तर नवं ठेवायला आता वैनी नाहीत.