गणपतची कविता आणि माझं डबडं

मंडळी, आज दुपारी मी पोराचं ऐकलं नाही. बरं झालं.

मुरुडच्या शाळासोबत्यांच्या मेळाव्याचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर मिळाला होता. त्यात आमचा गणपत शाळेतली कविता म्हणतो. गणपत आता नाही. पण माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर आवाज पुढं पळायचा आणि गणपत थिजून राहायचा.

मुलगा लातूरहून फोनवर म्हणाला, "बाबा, एचडी फाईल हाय ती. तुमच्या डबड्याला न्हाई झेपायची. भंगारात द्या अन् मोबाईलवर बघा."

"गणपतला बोटाएवढा बघू का? जमणार न्हाई!" म्हणून मी फोन ठेवला.

फाईल पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटरमध्ये उतरवली. उघडं असलेलं बाकी सगळं बंद केलं. दुसरा प्लेअर टाकला. चित्र सुरळीत चालू लागलं!

शेवटच्या कडव्याला गणपत पुन्हा थांबला. मी चिडून टेबलावर थाप मारणार, तेवढ्यात व्हिडिओत गणपतच्या मागून सगळ्या म्हाताऱ्या सोबत्यांनी एका सुरात पुढची ओळ म्हटली. कॉम्प्युटर अडकला नव्हता, गणपत ओळ विसरला होता. शाळेतही तो तिथंच अडायचा, अन् सगळा वर्ग त्याला असाच पुढं ढकलायचा.

मीही खुर्चीत बसून ती ओळ मोठ्यानं म्हटली.

आता सांगा, हे डबडं भंगारात द्यायचं?