भूल देणाऱ्याची मुलगी

मी भूलतज्ज्ञ आहे. म्हणजे नेमकं काय, हे नातेवाइकांना सांगून सांगून थकलो. "म्हणजे ते इंजेक्शन देणारे ना?" इथेच गाडी अडते. आता मी "हो, तेच" म्हणतो आणि जेवायला बसतो. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. नाशकातल्या कुठल्याही सर्जनचा फोन आला की बॅग उचलायची आणि निघायचं. सकाळी इंदिरानगर, दुपारी द्वारका, जेवायची वेळ टळून गेली की गंगापूर रोड.

बायको लासलगावला बँकेत आहे. सकाळी जाते ती संध्याकाळीच उगवते. कांद्याच्या हंगामात तर तिला फोन करायचीही सोय नसते. त्यामुळे शाळा सुटली की मुलगी माझ्या वाट्याला यायची. सांभाळायला बायका ठेवून पाहिल्या, एकही टिकली नाही. दोष त्यांचा नव्हता, आमच्या वेळांचा होता. आम्हालाच माहीत नसायचं कधी परतणार, त्यांना काय सांगणार?

शेवटी मी मुलीलाच गाडीत घालून न्यायला लागलो. मी ऑपरेशन थिएटरमध्ये, ती बाहेर सिस्टरांच्या काउंटरवर गृहपाठ करत. कुठल्या हॉस्पिटलात सिस्टर चित्रं काढून देतात आणि कुठे नुसतं "हात लावू नको" म्हणतात, हे तिला पाठ होतं. लोक कौतुक करायचे, "किती समंजस आहे हो." मला त्या शब्दाचा राग यायचा. समंजस कसली, पोरीला दुसरा इलाज नव्हता.

दुसरीत असताना ती सोसायटीच्या बागेत घसरगुंडीच्या शिडीवरून पडली. कोपराच्या वरचं हाड मोडलं. एक्स-रे मी स्वतःच पाहिला. हाड जागेवर बसवून तारा घालाव्या लागणार होत्या, म्हणजे पूर्ण भूल आली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. बायकोने रजा टाकली.

आमच्यात एक रीत आहे, आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही. हात नेमका तेव्हाच चुकतो. म्हणून माझ्या मैत्रिणीला बोलावलं. तीही भूलतज्ज्ञ. मी गावाला गेलो की माझ्या केसेस ती बघते, ती गेली की तिच्या मी. मला फक्त मुलीजवळ उभं राहायचं होतं. बाप म्हणून. ते काम मला अजिबात जमत नव्हतं. मी सारखा मॉनिटरकडे बघत होतो.

मैत्रिणीने सुई काढली. "काही नाही बेटा, मुंगी चावल्यासारखं होईल," मी सवयीने म्हणालो.

"तू सगळ्यांना हेच सांगतोस," मुलगी म्हणाली. "मग ते ओरडतात. मला बाहेर ऐकू येतं."

मैत्रिणीला हसू आलं. मला नाही आलं. मुलीने चांगला हात चादरीखाली घालून घट्ट दाबून धरला होता, आणि तो ओढून काढायची मला लाज वाटली.

"दुखेल," मी म्हणालो. "बऱ्यापैकी दुखेल. मग झोप लागेल."

"आणि उठल्यावर?"

"उठशील तेव्हा मी समोर असेन."

"खरं सांगतोयस ना?"

"खरं."

तिने थोडा विचार केला आणि हात बाहेर काढला. सुई टोचताना ओठ चावला, पण ओरडली नाही. डोळे मिटेपर्यंत माझ्याकडेच बघत होती.

ऑपरेशन सुरू झालं तसं सर्जनने मला बाहेर घालवलं. "तू मधे मधे करू नकोस," असं सरळ तोंडावर सांगितलं. मी बाकावर बायकोशेजारी येऊन बसलो आणि फोन वाजला. पंचवटीतल्या एका मॅटर्निटी होमच्या डॉक्टरबाईंचा. बाळाचे ठोके घसरतायत, लगेच सिझर करायला हवं, भूल द्यायला कोणी मिळत नाही. एक जण दुसऱ्या केसमध्ये अडकलेला, एक मालेगावला गेलेला. माझ्या मैत्रिणीचा फोन बंद लागतोय म्हणाल्या. तो बंदच असणार होता, ती माझ्या मुलीच्या उशाशी होती.

मी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "जायचं तर जा. पण हिने जा म्हटलं म्हणून गेलो, असं उद्या ऐकवू नकोस."

मी गेलो. रामवाडीच्या पुलावर समोर एक रिक्षावाला निवांत सुटे पैसे मोजत थांबला होता, त्याच्यावर मी आयुष्यात कोणावर ओरडलो नव्हतो इतका ओरडलो. राग त्या बिचाऱ्यावर नव्हता. राग फोनवर होता, त्या न पाहिलेल्या बाळावर होता आणि "खरं" म्हणून बसलेल्या माझ्यावर होता.

टेबलावरची बाई जेमतेम विशीतली होती, भीतीने थडथड उडत होती. मी तिच्या पाठीत इंजेक्शन दिलं. बाळ निघालं, क्षणभर निळसर आणि गप्प, मग रडलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण भूल देणाऱ्याला तिथून उठता येत नाही. टाके पूर्ण होईपर्यंत, बाईचं बीपी जागेवर येईपर्यंत पेशंट सोडायचा नसतो. मी तिच्या डोक्याशी बसून राहिलो आणि मनाने नदीपलीकडे होतो.

परत आलो तेव्हा मुलगी खोलीत आली होती. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवलेला, ओठ सुकलेले. बायको ओल्या कापसाने तिचे ओठ पुसत होती. तिने माझ्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही.

मी खुर्ची ओढली. घाईत थिएटरमधले हिरवे कपडे बदलायचे राहिले होते. मुलीने ते वरपासून खालपर्यंत नीट पाहिले.

"सिझर होतं?"

"हो."

"बाळ रडलं?"

"रडलं. चांगलं जोरात रडलं."

तिने नजर छताकडे वळवली.

"मी पण रडले," ती म्हणाली.