भरा ते दप्तर

"बाहेरचे लेकरं उभे राहा."

वर्गात बाई म्हणाल्या. मी चौथीत होते. वर्गातल्या एका मुलीची कंपासपेटी हरवली होती. आम्ही तिघं उभे राहिलो. आमचे बाप बिहारहून जालन्यात सळ्यांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला आलेले. मी जन्मले इथेच, पण बाईंच्या लेखी बाहेरचीच. त्यांनी माझं दप्तर उचललं आणि फरशीवर उपडं केलं. पुस्तकं, लोणच्याच्या तेलाने माखलेली पोळी, आईचा तुटका कंगवा. वर्ग खदाखदा हसला. मी खाली बसून एकटीने सगळं भरलं. कंपासपेटी दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या घरीच सापडली. बाईंनी ते वर्गाला सांगितलंच नाही.

आई म्हणाली, "बेटा, पहले ही दिखा दिया कर. किसी को पूछना ही ना पड़े."

तेच शिकले. काही हरवलं की कुणी सांगायच्या आत दप्तर उघडायचे. पुढे नर्स झाले, तरी दुकानातून निघताना पर्स आपोआप उघडी धरायचे. लोक म्हणायचे, किती सरळ बाई. सरळ कसली, भ्यालेली होते.

गेल्या महिन्यात लेकीला शाळेतून घेऊन मस्तगड भागातल्या कापडाच्या दुकानात गेले. फोनवर आईशी हिंदीत बोलत होते. शेजारच्या गिऱ्हाईक बाईला तिचा मोबाईल सापडेना. ती आमच्याकडे बघून मालकाला म्हणाली, "हे बाहेरचे दिसून राह्यले. बघा जरा."

माझी सात वर्षांची पोर पुढे झाली आणि तिने आपलं दप्तर गल्ल्यासमोर उपडं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझं बघूनच शिकली होती.

माझ्या अंगाची आग झाली.

मोबाईल साड्यांच्या ढिगाखाली निघाला. मालक हसला. पोर वस्तू गोळा करायला वाकली, तसा मी तिचा हात धरला.

"तू न्हाई. हे भरतील."

"आम्ही कुठं म्हणलो ताई, रिकामं कर म्हणून?" मालक म्हणाला.

"पंचवीस वर्षांपासून म्हणून राह्यले तुम्ही लोक. भरा."

सगळं दुकान बघत होतं. मालक आणि ती बाई, दोघं वाकले. एक पेन्सिल कपाटाखाली गेली होती. "ती पण," मी म्हणाले. त्या बाईला फरशीवर गुडघे टेकावे लागले. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

चौथीच्या बाई आता निवृत्त झाल्यात, घरी शिकवणी घेतात. रविवारी लेकीला घेऊन जाणार आहे. चहा घेणार नाही. वर्गासमोर केलं होतं, तर शिकवणीच्या पोरांसमोरच सगळं सांगणार. त्यांनी माफी मागितली तरी थांबणार नाही. कंपासपेटी कुठे सापडली, तेही सांगणार आणि मगच उठणार.